निवृत्तीनंतर सीजीएचएस (केंद्र सरकारी आरोग्य योजना) कार्ड घ्यावे, की सत्तरीनंतरच्या आयुष्मान योजनेवर भिस्त ठेवावी?

मुलुंडकर

मी केंद्र शासनाच्या मुंबईतील एका कार्यालयातून येत्या काही महिन्यांत, वयाची साठ वर्षे पूर्ण करून, निवृत्त होत आहे. माझा वेतनस्तर आठवा आहे. पत्नी गृहिणी असून तिला मधुमेहाच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या रोज घ्याव्या लागतात. आई ७४ वर्षांची आहे, आमच्याकडेच राहते आणि तिला स्वतःचे उत्पन्न नाही. दोन-तीन वर्षे मुलुंडला राहून पुढे चिपळूणजवळ गावी जायचा विचार आहे; तिथे मात्र सीजीएचएसचे केंद्र नाही. काही सहकारी म्हणतात, की सीजीएचएसची एकरकमी वर्गणी भरण्याऐवजी ते पैसे मुदत ठेवीत टाकावेत, दरमहा वैद्यकीय भत्ता घ्यावा, आणि उद्या रुग्णालयाचा मोठा खर्च उभा राहिला तर आयुष्मान योजना आहेच. हा हिशेब बरोबर आहे का? आईचे वय वंदना कार्ड, म्हणजे सत्तरी गाठलेल्या ज्येष्ठांचे आयुष्मान कार्ड, आताच काढून ठेवावे का? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

निवृत्त लेखा अधिकारी, दादर

नमस्कार. आपल्या सहकाऱ्यांच्या हिशेबात दोन निरनिराळे खर्च एकत्र झाले आहेत, आणि ते आधी वेगळे केले पाहिजेत: एक, महिन्याच्या महिन्याला लागणारी औषधे, तपासण्या व डॉक्टरांचा सल्ला, दुसरा, रुग्णालयात दाखल व्हावे लागल्यास येणारा खर्च. आयुष्मान योजना फक्त दुसऱ्या खर्चासाठी आहे. त्यात दाखल होण्यापूर्वीचे तीन दिवस आणि घरी सोडल्यानंतरचे पंधरा दिवस इतक्याच काळातील औषधोपचार धरले जातात, त्यामुळे वहिनींच्या रोजच्या गोळ्या त्यातून मिळणार नाहीत. शिवाय उत्पन्नाची अट नसलेला, वर्षाला पाच लाख रुपयांचा जो लाभ ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झाला, तो वयाच्या सत्तरीपासून आहे. आपण आज साठीत आहात. मधली दहा वर्षे कशाच्या आधारावर काढायची, हा खरा प्रश्न आहे.

आता आकडे पाहू. सातव्या ते अकराव्या वेतनस्तरासाठी सीजीएचएसची वर्गणी दरमहा ६५० रुपये, म्हणजे वर्षाला ७,८०० रुपये आहे. दहा वर्षांची, म्हणजे १२० महिन्यांची वर्गणी एकदम भरली तर ७८,००० रुपयांत आजीवन कार्ड मिळते. शेवटचे मूळ वेतन ५०,५०० रुपयांच्या वर असल्यास खासगी खोलीचा हक्क असतो. वैद्यकीय भत्ता दरमहा १,००० रुपये आहे. पण तो सीजीएचएस क्षेत्राबाहेर राहणाऱ्या निवृत्तिवेतनधारकांसाठी आहे, त्यामुळे मुलुंडला राहत असेपर्यंत आपल्याला तो मिळणारच नाही. गावी गेल्यानंतर मात्र एक पर्याय असा आहे, जो सहकाऱ्यांनी बहुधा सांगितला नसावा: बाह्यरुग्ण उपचारांसाठी भत्ता घ्यायचा आणि दाखल होऊन घ्यायच्या उपचारांसाठी सीजीएचएस कार्ड कायम ठेवायचे. आपल्या परिस्थितीला हाच पर्याय सर्वांत योग्य आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

सीजीएचएस केंद्रावरचा अनुभवही सांगतो. डॉक्टर चिठ्ठी लिहितात, खिडकीवर जी औषधे शिल्लक असतील ती लगेच मिळतात, आणि नसतील त्यांचे इंडेंट, म्हणजे मागणीपत्र, निघते. ती औषधे नेमलेल्या दुकानातून येतात आणि त्यासाठी पुन्हा एक फेरी मारावी लागते. रांगेत ताटकळावे लागते, हे खरे आहे. परंतु मधुमेहाचा रुग्ण घरात असताना औषधांच्या मासिक बिलाशी तुलना केली, तर ६५० रुपये ही रक्कम फारच कमी आहे.

परळची लेक

आईंच्या बाबतीत थोडी घाई टाळावी, असे सुचवते. आपल्यासोबत राहणाऱ्या आई-वडिलांचे सर्व मार्गांनी मिळणारे उत्पन्न दरमहा ९,००० रुपये अधिक महागाई भत्ता यापेक्षा कमी असेल, तर त्यांचे नाव अवलंबित म्हणून आपल्या सीजीएचएस कार्डावर राहू शकते, आणि आपण दिलेल्या माहितीवरून त्या या अटीत बसतात. सीजीएचएसच्या लाभार्थ्याला वय वंदना कार्ड हवे असेल तर दोहोंपैकी एकच योजना निवडावी लागते. या वयात डोळे, गुडघे, रक्ततपासण्या असे दाखल न होता होणारे उपचारच जास्त असतात, आणि आयुष्मानमध्ये गेल्यास नेमके तेच हातचे जातील. माझ्या वडिलांकडे खासगी विमा असल्याने त्यांचा प्रश्न वेगळा होता. खासगी विमा किंवा कर्मचारी राज्य विमा असणाऱ्या ज्येष्ठांना काहीही न सोडता वय वंदना कार्ड घेता येते, म्हणून आम्ही ते निःशंकपणे काढले.

ज्यांना सीजीएचएस लागू नाही, अशा वाचकांसाठी एक गोष्ट जोडते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आता पांढऱ्या शिधापत्रिकेसह सर्व शिधापत्रिकाधारकांना खुली असून तिची मर्यादा प्रति कुटुंब वर्षाला पाच लाख रुपये आहे. साठी ते सत्तरीच्या मधल्या काळात अनेकांना हाच आधार आहे. मात्र उपचार यादीतले असावे लागतात आणि रुग्णालय योजनेशी संलग्न असावे लागते. म्हणून दाखल होण्यापूर्वीच तेथील आरोग्यमित्रांना, म्हणजे योजनेच्या मदतनिसांना, भेटून शिधापत्रिका व आधार कार्ड दाखवावे. आधी स्वतः बिल भरून नंतर परतावा मागण्याची सोय या योजनेत नाही.

अंधेरीचा कामगार

मी खासगी कारखान्यातून निवृत्त झालो. किमान पाच वर्षे कर्मचारी राज्य विम्यात असलेल्या आणि निवृत्तीच्या वयापर्यंत काम केलेल्या व्यक्तीला वर्षाला १२० रुपये भरून स्वतःसाठी आणि जोडीदारासाठी वैद्यकीय लाभ चालू ठेवता येतो. आमच्याकडे ही माहिती फार थोड्यांना होती, म्हणून मुद्दाम लिहीत आहे.

मुलुंडकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. आईचे नाव सीजीएचएस कार्डावरच ठेवतो. एक शंका उरली आहे: गावाहून अचानक जवळच्या, सीजीएचएसच्या यादीत नसलेल्या रुग्णालयात न्यावे लागले तर काय करावे?

निवृत्त लेखा अधिकारी, दादर

तातडीच्या प्रसंगी यादीबाहेरच्या रुग्णालयातही उपचार घेता येतात. बिल आधी आपण भरायचे, आणि परतावा सीजीएचएसच्या दरांनुसार मिळतो; म्हणजे प्रत्यक्ष खर्च आणि मंजूर रक्कम यांतील फरक आपल्याला सोसावा लागतो. त्यासाठी थोडी रक्कम बँकेत वेगळी ठेवावी. तातडीची गरज होती असे नमूद केलेले रुग्णालयाचे प्रमाणपत्र, घरी सोडतानाचा सारांश आणि मूळ बिले त्याच दिवशी मागून घ्यावीत, आणि घरी सोडल्यापासून सहा महिन्यांच्या आत दावा दाखल करावा.