मदत हवी आहे: दुर्बिणीतून पिशवी काढायचं ठरतंय, डॉक्टरांना काय काय विचारू?

ओंजळ (धागाकर्ती)

नमस्कार. बरेच दिवस इथे नुसती वाचतेय, धागा पहिल्यांदाच काढतेय.

वय ४६. दोन मुलं, दोन्ही सिझेरियन. दीड वर्षापासून पाळीत फार अंगावरून जातं. दुसऱ्या दिवशी तासाला पॅड बदलावं लागतं, रक्ताच्या गाठी पडतात. हिमोग्लोबिन ८.२ वर आलंय, एक जिना चढला की धाप लागते. सोनोग्राफीत गर्भाशयाच्या भिंतीत ७ सेंटिमीटरचा एक आणि दोन लहान फायब्रॉईड (म्हणजे साध्या गाठी) दिसले. गोळ्यांचे दोन कोर्स झाले, बंद केल्या की पुन्हा तेच.

परवा डॉक्टर म्हणाले, "पिशवी काढून टाकू, दुर्बिणीतून करू, दोन दिवसांत घरी." मी मान डोलावली. बाहेर आल्यावर लक्षात आलं की आपण एकही प्रश्न विचारला नाही.

घरचे निर्धास्त आहेत. "दुर्बिणीचं म्हणजे काय, चार छोटी छिद्रं, आठवड्यात कामाला लागशील." पण माझ्या आईची पिशवी पोट उघडून काढली होती आणि दोन महिने ती कुशीवर वळतानाही कण्हायची, ते मी पाहिलंय. आत तोच अवयव काढणार, मग बाहेरची छिद्रं लहान म्हणून एवढा फरक कसा पडेल? आधीच्या सिझेरियनमुळे काही अडचण येते का? बीजकोश पण काढतात का? पिशवी काढण्यावाचून दुसरा मार्गच नाही का? पुढच्या बुधवारी पुन्हा भेट आहे. यावेळी प्रश्न लिहून न्यायचेत. ज्यांचं झालंय त्यांनी आणि इथल्या डॉक्टरांनी कृपया लिहा.

रानजाई

ताई, माझं तीन वर्षांपूर्वी झालं, अगदी हेच कारण. म्हणून सगळं खरं खरं लिहिते.

शुद्धीवर आल्यावर पोटापेक्षा उजवा खांदा दुखत होता. मी घाबरले, वाटलं हृदयाचं काही झालं. नर्सने सांगितलं की पोट फुगवायला जो गॅस भरतात त्याने असं होतं. दोन दिवसांत गेलं. लघवीची नळी दुसऱ्या दिवशी काढली आणि त्याच संध्याकाळी मी चालत होते. इथवर घरच्यांचं म्हणणं बरोबर.

पुढचं मात्र मला कुणी सांगितलं नव्हतं. बाहेरचे टाके चिमुकले, दुखत नव्हते, म्हणून नवव्या दिवशी मी पाण्याने भरलेली बादली उचलली. रात्री लाल रक्त जायला लागलं. सुदैवाने तपासणीत आतले टाके शाबूत निघाले, पण ती रात्र विसरत नाही. थकवा तर पाच आठवडे होता. दुपारी झोपल्याशिवाय संध्याकाळ निघत नव्हती. बाहेरून तुम्ही ठणठणीत दिसता, त्यामुळे घरच्यांना वाटतं बरी झाली. त्यांना आधीच बसवून सांगा.

प्राजक्त

मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. तुम्हाला तपासल्याशिवाय तुमचा निर्णय मी सांगू शकत नाही, पण प्रश्न सगळे योग्य आहेत.

फरक का पडतो, ते आधी. ओपनमध्ये पोटाच्या भिंतीला मोठा छेद घ्यावा लागतो. तीच जखम दुखते, खोकताना-उठताना ओढते, तिथेच जंतुसंसर्गाची भीती जास्त. दुर्बिणीत बेंबीपाशी एक आणि खाली दोन-तीन, साधारण ५ ते १० मिलिमीटरची छिद्रं असतात. कार्बन डायऑक्साइड भरून पोट फुगवतात, म्हणजे आतलं दिसतं आणि हत्यारं हलवायला जागा मिळते. हा वायू श्वासपटलाला चिडवतो. श्वासपटलाची नस आणि खांद्याची संवेदना मानेतल्या त्याच मुळांतून येते, म्हणून दुखणं खांद्यात जाणवतं. आत मात्र काम तेच असतं: त्याच रक्तवाहिन्या बंद करायच्या, योनीच्या वरच्या टोकाला तसेच टाके घालायचे. ते टाके भरायला सहा ते आठ आठवडे लागतात, छिद्र कितीही लहान असो. तोवर जड उचलायचं नाही आणि डॉक्टर तपासून हो म्हणेपर्यंत शरीरसंबंध नाही.

सिझेरियनमुळे मूत्राशय गर्भाशयाला चिकटलेलं असू शकतं. ते सोडवताना त्याला इजा होण्याचा धोका वाढतो. दुर्बिणीने करता येत नाही असं नाही, पण हात सरावलेला हवा. म्हणून निःसंकोच विचारा: अशा किती शस्त्रक्रिया तुम्ही केल्यात, त्यातल्या किती मधेच ओपन कराव्या लागल्या? चांगला सर्जन या प्रश्नाने दुखावत नाही. आणि मधे ओपन करावं लागलं तर ते अपयश समजू नका. रक्तस्राव आवरत नसेल किंवा काही दिसत नसेल, तर पोट उघडणं हाच शहाणपणा असतो.

पोटाला एकही छिद्र न घेता योनीमार्गातून पिशवी काढण्याची पद्धतही आहे. जिथे जमते तिथे ती उत्तम. गर्भाशय मोठं असेल तर अवघड, तरी आपल्याला चालेल का, हे विचारा. रोबोट असेल तर तो स्वतः काही करत नाही, सर्जनच कन्सोलवर बसून हात चालवतो. साध्या आजारासाठी पिशवी काढताना नेहमीच्या दुर्बिणीपेक्षा रोबोटने निकाल जास्त चांगले लागतात असं दिसलेलं नाही. तेव्हा रोबोट नाही म्हणून खंत नको.

आता सगळ्यात महत्त्वाचं. तुमच्या वयात असा रक्तस्राव असेल तर आधी गर्भाशयाच्या अस्तराची बायोप्सी आणि गर्भाशयमुखाची पॅप तपासणी हवी. झाली नसेल तर बुधवारी पहिला प्रश्न हाच. मोठी गाठ लहान छिद्रातून काढायची तर तिचे तुकडे करावे लागतात. त्यासाठीच्या मॉर्सेलेटर यंत्राबद्दल अमेरिकेच्या एफडीएने (औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) २०१४ मध्ये इशारा दिला. फायब्रॉईड समजून ऑपरेशन झालेल्या सुमारे ३५० बायकांत एकीला न ओळखलेला सार्कोमा, म्हणजे कर्करोग असतो, असा त्यांचा अंदाज होता. तुकडे मोकळ्या पोटात केले तर तो पसरू शकतो. म्हणून विचारा: तुकडे करणार का, आणि केले तर पोटात घातलेल्या वेगळ्या बंद थैलीत करणार का? आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगात तर २०१८ च्या एका मोठ्या चाचणीत दुर्बिणीपेक्षा ओपन शस्त्रक्रियेनंतर रुग्ण जास्त जगले. लहान छिद्र प्रत्येक आजारात श्रेष्ठ नसतं, निदान आधी पक्कं लागतं.

बीजकोश निरोगी असतील तर तुमच्या वयात सहसा ठेवतात. काढले तर रजोनिवृत्ती एका दिवसात येते आणि हाडं, हृदय दोन्हींवर परिणाम होतो. बीजनलिका मात्र काढून टाकण्याचा सल्ला देतात, त्याने पुढे बीजकोशाच्या कर्करोगाचा धोका कमी होतो. संमतीपत्रावर नेमकं काय काढणार ते लिहिलेलं वाचूनच सही करा.

उंबरठा

माझ्या पत्नीच्या बाबतीत घडलेलं लिहितो. दहाव्या दिवशी तिला पाण्यासारखं जायला लागलं, थेंब थेंब, सतत. आम्हाला वाटलं जखम भरताना होत असेल. चार दिवस तसेच घालवले. नंतर कळलं, मूत्रवाहिनीला इजा झाली होती आणि ती लघवी होती. पुन्हा ऑपरेशन करावं लागलं, आता ती बरी आहे. पण डिस्चार्जच्या वेळी कुणी दोन ओळी लिहून दिल्या असत्या तर ते चार दिवस वाचले असते. या गोष्टी आधीच लिहून मागा, कळकळीने सांगतोय.

प्राजक्त

उंबरठा, तुम्ही हे लिहिलंत ते फार बरं झालं. मूत्रवाहिनी गर्भाशयमुखापासून जेमतेम दोन सेंटिमीटरवरून जाते, आणि इजा काही वेळा आठ-पंधरा दिवसांनीच कळते. ओंजळताई, हे फ्रिजवर लावून ठेवा: सतत पाण्यासारखं जाणं, तासाला पॅड भिजेल इतकं रक्त, ३८ अंश सेल्सियसच्या वर ताप, कमी व्हायच्या ऐवजी वाढणारी पोटदुखी आणि उलट्या, एकाच पोटरीला सूज, श्वास लागणं. यातलं काहीही झालं तर सकाळची वाट पाहायची नाही.

पर्यायांचं राहिलं होतं. हार्मोनची तांबी, फक्त गाठी काढणं, गाठीची रक्तवाहिनी बंद करणं हे तिन्ही मार्ग आहेत. गाठ पोकळीत डोकावत असेल तर हिस्टेरोस्कोपीने, म्हणजे योनीमार्गातून गर्भाशयात दुर्बीण घालून, पोटाला छेद न घेताही काढता येते. तुमची गाठ भिंतीत आणि मोठी आहे, त्यामुळे तांबी निसटण्याची शक्यता जास्त. तरी "मला यातलं काय लागू पडत नाही आणि का" हे तुम्हाला समजलंच पाहिजे.

ओंजळ (धागाकर्ती)

सगळ्यांचे मनापासून आभार. काल जाऊन आले. अकरा प्रश्न लिहून नेले होते, डॉक्टरांनी कागद हातात घेऊन एकेकाचं उत्तर दिलं. मीच आधी विचारलं नव्हतं.

बायोप्सी झालेली नव्हती, ती कालच केली. ऑपरेशन दीड महिना पुढे ढकललं. हिमोग्लोबिन दहाच्या वर आल्याशिवाय नको म्हणाले, म्हणून शिरेतून लोह देणार आहेत आणि तोवर पाळी थांबवायला इंजेक्शन. बीजकोश ठेवायचे, बीजनलिका काढायच्या. तुकडे बंद थैलीतच करणार. चिकटलेलं फार असेल तर ओपन करावं लागेल, हे त्यांनी स्वतःहून सांगितलं आणि संमतीपत्रावर लिहिलं. तांबीचं मी विचारलं. गाठीमुळे पोकळी वेडीवाकडी झालीय, टिकणार नाही म्हणाले, सोनोग्राफीचं चित्र दाखवून.

रानजाई, तुमचा प्रतिसाद नवऱ्याला आणि मुलीला वाचायला दिला. मुलीने सहा आठवड्यांचं वेळापत्रक केलंय, कुणी काय उचलायचं त्याचं.

बायोप्सीचा रिपोर्ट आठवड्याभरात येईल. आला की इथेच लिहिते. तोवर एक विचारायचंय: शिरेतून लोह घेतल्यावर कुणाला अंगदुखी किंवा ताप आला होता का, आणि किती दिवस राहिला?