केबल बंद करून स्ट्रीमिंग : बचत खरी की फक्त बिलाचे नाव बदलते?

उंबरठा (धागाकर्ता)

डिश किंवा केबलचे बिल जड जाऊ लागले की स्ट्रीमिंग (इंटरनेटवरून कार्यक्रम दाखवणारी वर्गणीची सेवा) घ्यावे का, हा प्रश्न विचारला जातो आणि उत्तर बहुधा दोन मासिक आकडे शेजारी मांडून दिले जाते. मला ही तुलनाच अपुरी वाटते. केबल महाग पडते ती त्या आकड्यामुळे तितकी नाही, जितकी तो आकडा आपल्याला हलवता येत नाही म्हणून. मूळ पॅक, प्रत्येक टीव्हीमागे वेगळा सेट टॉप बॉक्स, रेकॉर्डिंगच्या सोयीचे भाडे, सुरुवातीची सवलत संपल्यावर लागू होणारा पूर्ण दर आणि मुदतीचा करार मध्येच मोडल्यास भरावा लागणारा दंड, अशी या बिलाची रचना अनेक ठिकाणी असते. ज्या महिन्यात घरी कोणी टीव्ही लावलाच नाही, त्या महिन्याचे पैसेही तितकेच जातात.

स्ट्रीमिंगचा खरा फायदा तिच्या कमी दरात नसून ती केव्हाही थांबवता येते यात आहे. म्हणून माझी सूचना अशी की, केबल तोडण्याआधी एक महिनाभर घरात प्रत्यक्षात काय पाहिले जाते ते लिहून काढावे आणि त्याचे दोन भाग करावेत : त्याच क्षणी पाहावे लागते ते (सामने, बातम्या) आणि नंतर पाहिले तरी चालते ते. दुसऱ्या भागासाठी एका वेळी एकच सेवा घ्यावी, हवे ते पाहून संपवावे, ती बंद करावी आणि मग पुढची घ्यावी. दर आठवड्याला एक भाग येणाऱ्या मालिकेसाठी सगळे भाग येईपर्यंत थांबल्यास दोन-तीन महिन्यांचे काम एका महिन्याच्या शुल्कात होते. बहुतेक सेवांमध्ये वर्गणी भरताच ती रद्द करून ठेवली तरी भरलेल्या मुदतीपर्यंत पाहता येते. त्यामुळे आठवण ठेवण्याचा प्रश्नही उरत नाही. वार्षिक योजना स्वस्त दिसते, पण ती घेतली की हा सगळा मोकळेपणा आपण आपल्या हाताने परत करतो.

नवा टीव्ही घेण्याची गरज नसते. एचडीएमआयची खाच असलेल्या जुन्या टीव्हीला एक छोटी स्ट्रीमिंग स्टिक (त्या खाचेत बसणारे, इंटरनेटवरचे चित्र टीव्हीवर आणणारे उपकरण) पुरते. इंटरनेटचा खर्च मात्र प्रामाणिकपणे मोजावा : ते आधीपासून घरात असेल तर तो यात धरू नये, केवळ टीव्हीसाठी नव्याने घ्यावे लागणार असेल तर पूर्ण धरावा. टीव्ही आणि इंटरनेट एकाच कंपनीकडून एकत्र घेतले असल्यास टीव्ही काढल्यावर इंटरनेटचा दर किती होईल, हे आधीच विचारून घ्यावे. पुष्कळांचा हिशेब तिथेच फिसकटतो.

तळटीप

आपला मुद्दा व्यवस्थित मांडलेला आहे, पण तो ज्या स्थितीवर उभा आहे ती स्थिती झपाट्याने मागे पडत आहे. आरंभीचे स्वस्त दर ग्राहक गोळा करण्यासाठी होते आणि ते काम आता झालेले आहे. नेटफ्लिक्सने नोव्हेंबर २०२२ मध्ये जाहिरातींसह असणारी योजना आणली आणि २०२३ मध्ये घराबाहेरच्या व्यक्तीला पासवर्ड देण्यावर जगभर निर्बंध घातले. अ‍ॅमेझॉन प्राइम व्हिडिओने जानेवारी २०२४ पासून आधी जाहिरातमुक्त असलेल्या सेवेत काही देशांत जाहिराती सुरू केल्या आणि त्या नको असल्यास वेगळे पैसे मागितले. केबलच्या वाहिन्या इंटरनेटवरून देणारी यूट्यूब टीव्ही ही अमेरिकेतील सेवा २०१७ मध्ये केबलला स्वस्त पर्याय म्हणूनच सुरू झाली. २०२५ पर्यंत तिचे मासिक शुल्क दुपटीहून अधिक झाले. कारण उघड आहे. वाहिन्यांच्या मालकांना द्यावे लागणारे पैसे केबल कंपनीला चुकत नाहीत, तसे या सेवेलाही चुकत नाहीत. तारेऐवजी इंटरनेट आले म्हणून सामन्यांचे हक्क स्वस्त झालेले नाहीत.

दुसरे असे की, आळीपाळीने सेवा घेण्याचा आपला उपाय एकट्या प्रेक्षकासाठी उत्तम आहे. घरात चार माणसे असतील आणि चौघांची आवड वेगळी असेल, तर या महिन्यात कोणाची सेवा चालू ठेवायची यावर दर महिन्याला बैठक घ्यावी लागेल. शेवटी तिन्ही-चारही सेवा चालूच राहतात आणि बिल जुन्या जागी येऊन थांबते. शिवाय आपण थांबून पाहू म्हणतो, तोवर ती मालिका तिथे असेलच याची हमी नाही. डिस्ने प्लसने मे २०२३ मध्ये स्वतः निर्माण केलेली कितीतरी शीर्षके आपल्याच सेवेवरून काढून टाकली.

गणिती

"मी न पाहणाऱ्या वाहिन्यांचे पैसे का भरू?" हे वाक्य अशा चर्चांत हमखास येते. वर ते उघडपणे आलेले नाही, तरी धागाकर्त्याच्या मांडणीत ते गृहीत आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

समजा, दोन प्रेक्षक आहेत. पहिल्याला खेळांची वाहिनी १० एककांइतकी मोलाची वाटते आणि मालिकांची ३. दुसऱ्याचे नेमके उलट आहे. दोन्ही वाहिन्या सुट्या, प्रत्येकी १० ला विकल्या तर प्रत्येक जण एकच घेईल आणि विक्रेत्याला २० मिळतील. दोन्हींचा मिळून १२ चा पॅक केला तर दोघेही तो घेतील, विक्रेत्याला २४ मिळतील, दोघांनाही दोन्ही वाहिन्या दिसतील आणि प्रत्येकाला आपल्या लेखी १३ मोलाची जोडी १२ ला, म्हणजे एक एकक स्वस्तच पडेल. चित्रपट एकगठ्ठा विकण्याच्या पद्धतीबद्दल अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज स्टिगलर यांनी १९६३ मध्ये जवळपास असाच युक्तिवाद केला होता. तात्पर्य, पॅकमधली नको असलेली वाहिनी वगळली म्हणून तिच्या वाट्याचे पैसे परत मिळत नाहीत, कारण तसा वाटाच नसतो. पॅक मोडला की हव्या असलेल्या वाहिनीचा सुटा दर वाढतो. स्ट्रीमिंग कंपन्या आता एकमेकींशी हातमिळवणी करून जोडयोजना काढत आहेत, ते याच गणितामुळे. पंधरा-वीस वर्षे खर्चून आपण केबलचा पॅकच पुन्हा शोधून काढणार, अशी माझी अटकळ आहे.

उंबरठा (धागाकर्ता)

गणित मान्य आहे, पण त्यात काळ हा घटक नाही. आपल्या उदाहरणातील प्रेक्षकाला दोन्ही गोष्टी बारा महिने हव्या आहेत असे धरले आहे. प्रत्यक्षात एखादी मालिका तीन आठवड्यांत पाहून संपते आणि एखादी स्पर्धा दीड महिन्यात. तीन आठवड्यांच्या उपभोगासाठी वर्षभराचे पैसे द्यायचे की महिन्याचे, हा प्रश्न पॅकच्या गणितात येतच नाही. दुसरे म्हणजे, पॅकचा दर १२ ठेवायचा की १३, हे विक्रेता ठरवतो. १३ ठेवला तर एकत्र विक्रीचा सगळा लाभ त्याच्याकडे जातो आणि प्रेक्षकाकडे काहीच उरत नाही. स्पर्धा नसलेल्या भागात काय होते, ते केबलच्या बिलावरून आपल्याला माहीत आहे. आणि ज्याला दुसरी वाहिनी शून्य मोलाची वाटते, त्याच्यासाठी १२ चा पॅक हा नुसता तोटा आहे. असे प्रेक्षक थोडे नसतात.

तळटीप यांनी दिलेली दरवाढीची उदाहरणे खरी आहेत. मात्र ती माझ्याच बाजूची आहेत असे मी म्हणेन. दर वाढला त्या दिवशी दूरध्वनीवर कोणाची मनधरणी न करता, तंत्रज्ञाची वाट न पाहता, पेटी परत न करता सेवा सोडता येते. घरात चार जणांची आवड वेगळी असण्याबद्दल : दोन सेवा चालू ठेवाव्यात, एक सर्वांसाठी कायमची आणि एक बदलती. इतके ठरवता येत नसेल तर दोष तंत्रज्ञानाचा नव्हे.

सीमारेषेपार

थेट प्रक्षेपणाचा विषय धागाकर्त्याने एका कंसात उरकला, आणि नेमकी तिथेच केबल व डिश अजून वरचढ आहेत.

डिशला येणारा संकेत विषुववृत्तावर सुमारे ३५,७८६ किलोमीटर उंचीवरच्या उपग्रहाकडे जाऊन परत येतो, तरी या प्रवासाला साधारण पाव सेकंदच लागतो. स्ट्रीमिंगमध्ये चित्राचे काही सेकंदांचे तुकडे पाडले जातात. असे तुकडे पाठवण्याच्या, अ‍ॅपलने २००९ मध्ये आणलेल्या एचएलएस या पद्धतीत आज सहा सेकंदांचा तुकडा शिफारशीचा मानतात. चित्र दाखवणारे अ‍ॅप असे दोन-तीन तुकडे साठवून मगच चित्र सुरू करते. म्हणून सामना अर्ध्या मिनिटापर्यंत मागे पडू शकतो आणि शेजारच्या घरातला जल्लोष आपल्या पडद्यावरच्या चेंडूआधी ऐकू येतो. हा विलंब कमी करण्याच्या पद्धती निघालेल्या आहेत, पण साठा जितका कमी ठेवाल तितके चित्र अडकण्याचे भय वाढते.

याहून मूलभूत फरक वेगळा आहे. उपग्रह एकदा पाठवतो आणि कितीही घरांनी ते घेतले तरी त्याच्यावर भार वाढत नाही. इंटरनेटवर बहुतेक वेळा प्रत्येक प्रेक्षकाला स्वतंत्र प्रवाह पाठवावा लागतो. १५ नोव्हेंबर २०२४ रोजी जेक पॉल आणि माइक टायसन यांची मुष्टियुद्धाची लढत नेटफ्लिक्सने थेट दाखवली, तेव्हा असंख्य प्रेक्षकांचे चित्र अडकले, धूसर झाले किंवा बंदच पडले. इतक्या अनुभवी कंपनीची ही गत असेल, तर अंतिम सामन्याच्या रात्री मी तरी डिशवर विसंबेन. जोराच्या पावसात डिशचे चित्र जाते हे खरे, कारण तिच्या लहरी पावसाच्या थेंबांत शोषल्या आणि विखुरल्या जातात. पण पाऊस ओसरला की ते परत येते.

छपरावरची काठी

दोन्ही पक्ष एक तिसरा पर्याय विसरत आहेत. जिथे डिजिटल भूप्रसारण (जमिनीवरच्या मनोऱ्यांवरून होणारे प्रक्षेपण) चालू आहे, तिथे साध्या अँटेनावर काही वाहिन्या मासिक शुल्काशिवाय दिसतात आणि थेट प्रक्षेपणाचा विलंबही स्ट्रीमिंगइतका नसतो. प्रक्षेपण मनोरा कोणत्या दिशेला आणि किती दूर आहे, यावर सगळे अवलंबून आहे. बातम्या आणि मोजके सामने एवढीच गरज असलेल्यांनी आधी हे पाहावे आणि मगच कोणाला पैसे द्यावेत. जाहिराती चालत असतील तर प्लूटो टीव्हीसारख्या विनाशुल्क सेवाही काही देशांत आहेत.

तळटीप

अँटेनाची सूचना उपयुक्त आहे. मला मात्र धागाकर्त्याला आणखी दोन गोष्टी विचारायच्या आहेत.

पहिली, डेटाची. नेटफ्लिक्स फुल एचडीसाठी ५ मेगाबिट आणि ४के साठी १५ मेगाबिट प्रतिसेकंद वेग सुचवते. ५ मेगाबिटचा प्रवाह तासभर सलग चालला तर सव्वादोन जीबी होतात. घरातील टीव्ही दिवसाला पाच तास चालला, तर महिन्याला सुमारे ३४० जीबी. प्रवाह दाबून बराच लहान करता येतो, त्यामुळे प्रत्यक्षातला आकडा कमी भरेल. पण इंटरनेट योजनेला मर्यादा असेल किंवा मोबाइलचा डेटा वापरायचा असेल, तर हा खर्च बचतीतून वजा करायलाच हवा. केबलवर टीव्ही दिवसभर बोलत राहिला तरी बिल वाढत नाही.

दुसरी, घरातील वयस्कर माणसांची. त्यांना काय पाहायचे ते निवडायचे नसते, जे चालू आहे त्यातले बरे ते पाहायचे असते. रिमोटवर एक आकडा दाबला की वाहिनी लागते, या सोयीची किंमत कोणत्याही तक्त्यात येत नाही. त्याऐवजी त्यांच्यापुढे प्रोफाइल, पासवर्ड आणि 'आपण अजून पाहत आहात का' असे विचारणारा पडदा ठेवायचा, आणि वर आळीपाळीने दर महिन्याला नवी सेवा लावून द्यायची, हे काम बिल भरणाऱ्याचे असते की शेजारी बसून शिकवणाऱ्याचे?

उंबरठा (धागाकर्ता)

डेटाचा हिशेब योग्य आहे. मर्यादित योजना असलेल्यांनी तो करूनच निर्णय घ्यावा, आणि मोबाइल डेटावर घरचा टीव्ही चालवण्याचा सल्ला मी देणार नाही. वयस्कर माणसांच्या खोलीतली जोडणी मी तरी काढणार नाही. तिथे सर्वांत लहान पॅक ठेवावा, बाकीच्या खोल्यांतील पेट्या परत कराव्यात. माझ्या मते बिलातला मोठा भाग या जादा पेट्यांचा आणि मोठ्या पॅकचा असतो. सामन्यांच्या बाबतीत सीमारेषेपार यांच्याशी वाद घालण्यासारखे माझ्याकडे फारसे नाही. ज्यांचे वर्षभर सामन्यांवाचून चालत नाही, त्यांनी डिश तोडू नये. फक्त आपल्या कंपनीत जोडणी काही महिन्यांसाठी स्थगित ठेवता येते का आणि पुन्हा सुरू करण्याचे शुल्क किती, एवढे विचारावे. ते उत्तर लेखी घ्यावे.