मदत हवी आहे: 'डिबंक'चा नेमका अर्थ, उगम आणि मराठी शब्द

पानगळ
सापांविषयीच्या गैरसमजांवर मराठी पत्रक करायचं आहे. मूळ इंग्रजी मजकुरात 'डिबंक' हे क्रियापद जागोजागी येतं. 'खंडन', 'पर्दाफाश', 'भांडाफोड' लावून पाहिले, पण सगळीकडे एकही बसत नाही. शिवाय 'लेक्चर बंक करणे' मधला बंक तो हाच का?

शब्दमूळ
नाही, ते दोन वेगळे शब्द आहेत. 'बंक मारणे'चा बंक ब्रिटिश बोलीतला, पळ काढणे या अर्थाचा. पत्ते खेळताना गंडवणारा 'बंको' हाही वेगळाच, तो स्पॅनिशमधून आलेला.

'डिबंक'मधला बंक अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या बंकम काउंटीचा. एडवर्ड बंकम या स्वातंत्र्ययुद्धातल्या कर्नलचं नाव त्या भागाला दिलेलं आहे. फेब्रुवारी १८२० मध्ये प्रतिनिधीगृहात मिसुरीतल्या गुलामगिरीच्या प्रश्नावर खडाजंगी चालू होती. सभासद मतदानासाठी ओरडत असताना बंकमचे प्रतिनिधी फेलिक्स वॉकर भाषणाला उभे राहिले आणि थांबेनात. आपल्याला बंकमसाठी बोलायलाच हवं, असं त्यांचं म्हणणं होतं. तेव्हापासून मतदारांना दाखवण्यापुरत्या पोकळ भाषणाला 'बंकम' म्हणू लागले. पुढे स्पेलिंग बदललं, अर्थ 'निव्वळ थापा' असा पसरला आणि विसाव्या शतकाच्या सुमारास शब्द आखडून 'बंक' झाला. १९२३ साली विल्यम वुडवर्ड यांच्या 'बंक' याच नावाच्या कादंबरीतून 'डिबंक' रूढ झाला. 'डी' म्हणजे काढून टाकणे. एखाद्या गोष्टीतल्या थापा काढून टाकणे, हा मूळ अर्थ.

ओळीमधलं
उगमातच उत्तर आहे. डिबंक होतो तो दावा किंवा समज, आणि तोही पुराव्यानिशी. म्हणून 'खंडन' जपून वापरा. बातम्यांत 'मंत्र्यांनी वृत्ताचं खंडन केलं' याचा अर्थ बहुतेक वेळा नुसता इन्कार असतो. 'पर्दाफाश' आणि 'भांडाफोड' कटाला, टोळीला, लबाडीला लागतात. 'साप दूध पितो' हा समज आहे. त्यात लपवलेलं काही नाही, मग पडदा कसला फाटणार?

माझी पसंती 'फोल ठरवणे'ला. फोल म्हणजे दाणा नसलेलं टरफल. थापांसाठी याहून नेमका शब्द मला दिसत नाही, आणि दावा, समज, भाकीत या तिन्हींना तो चालतो. 'निरसन'ही चांगला, पण ते शंकेचं किंवा गैरसमजाचं होतं. 'दाव्याचं निरसन' कानाला खटकतं.

पानगळ
नागपंचमीला गारुडी सापाला मुद्दाम तहानलेला ठेवतात, म्हणून तो समोर आलेलं दूध पितो, असा एक परिच्छेद आहे. तिथेही 'फोल'च?

ओळीमधलं
तिथे दोन वाक्यं करा. समज फोल ठरतो, पण गारुड्याची युक्ती ही जाणूनबुजून केलेली फसवणूक आहे. तिचं 'बिंग फुटतं' किंवा ती 'उघडी पडते'. इंग्रजीत दोन्हीकडे डिबंक असलं तरी मराठीत एकच क्रियापद ताणू नका.

शब्दमूळ
शीर्षकात क्रियापद टाळलंत तरी चालेल: 'साप दूध पितो? नाही.' आणि 'डिबंक्ड' हे विशेषण आलं, तर 'आधीच खोटा ठरलेला दावा' असं लिहा. 'खंडित दावा' मुळीच नको, खंडित म्हणजे मोडलेला किंवा मध्येच तुटलेला.