मदत हवी आहे: एप्रिलअखेरीस रूळ उचलले गेले, इंजिन सांध्यावर अडतंय आणि हातात उरलेत ३,७०० रुपये

नमस्कार.

थोडं लांब लिहिते आहे. अर्धवट सांगितलं की "गेज कोणतं, फोटो कुठे" यातच पहिले दहा प्रतिसाद जातात, म्हणून सगळं एकदाच.

मी नागपूरला मानेवाड्यात भाड्याच्या घरात राहते. माहेर भिवापूरचं. इतवारी–नागभीड नॅरोगेज २०१९ मध्ये ब्रॉडगेजच्या कामासाठी बंद झाली, तोवर आमचं जाणं-येणं त्याच गाडीनं. मागच्या वर्षी भाच्याला मोतीबागचं नॅरोगेज संग्रहालय दाखवायला नेलं. तो अकरा वर्षांचा. त्याने इंजिनं पाहिली, आइस्क्रीम खाल्लं आणि विसरला. मी मात्र घरी येऊन रात्री दोनपर्यंत मॉडेल रेल्वेचे व्हिडिओ पाहत बसले.

हुबेहूब भिवापूर स्टेशन करायचं नाही. तेवढी मापं माझ्याकडे नाहीत आणि पैसे तर नाहीतच. म्हणून फ्रीलान्स, म्हणजे मनाने रचलेलं: भिवापूरहून एक फाटा निघतो आणि मिरचीच्या सातऱ्यापाशी, म्हणजे मिरची वाळवायच्या जागेपाशी, संपतो. हा फाटा फक्त माझ्या डोक्यात आहे. नाव मिरची लाइन. एक डिझेल इंजिन, थोडे मालडबे, एक टिनाचं शेड आणि वाळत घातलेल्या मिरचीचा लाल पट्टा. (पट्ट्यासाठी लाल रांगोळी वापरली आहे. आधी खरं तिखट टाकून पाहिलं होतं. पंखा लावला आणि घरभर सगळे शिंकत बसले.)

एकूण बजेट १०,००० ठरवलं होतं. त्यातले ६,३०० गेले. ऑनलाइन एकाकडून एन गेजचं (दोन रुळांत ९ मिलिमीटर अंतर) जुनं सामान घेतलं: एक छोटं जपानी इंजिन, दोन सांधे (जिथे गाडी एका मार्गावरून दुसऱ्यावर वळते), बरेचसे सरळ आणि वळणाचे रूळ. "चालू स्थितीत" असं लिहिलं होतं. इंजिन चालू आहे. दोन सांध्यांपैकी एकाची जीभ (सरकणारा टोकदार रूळ) एका बाजूला टिकत नाही, बोट काढलं की परत येते. विचारल्यावर समोरून फक्त अंगठा आला.

पाट घरच्याच लाकडाचा. जुन्या पलंगाच्या तीन फळ्या होत्या, त्या फेविकॉलने कडेला कडा जोडून ६ फूट बाय अडीच फुटांचा एक पाट केला. गेल्या ऑगस्टमध्ये त्यावर लंबगोल रूळ बसवला, खिळे मारून, रुळांचे जोड घट्ट जुळवून. दिवाळीपर्यंत सुरेख चालत होतं.

आता अडचणी.

एप्रिलअखेरीपासून रूळ उचलले गेलेत. दोन्ही टोकांच्या वळणांवर प्रत्येकी एक कुबड, खालून आगपेटीची काडी आरपार जाईल एवढं. लांबीकडचे सरळ रूळ मात्र जसेच्या तसे. ४५ डिग्रीत रूळ फुगले असणार असं मी धरून चालले आहे, खऱ्या रेल्वेतही फट ठेवतातच. तर आता किती फट ठेवू?

दुसरं, इंजिन सांध्यावर बरोबर मध्यात येऊन थांबतं. पेनाने ढोसलं की पुढे जातं. रूळ सँडपेपरने घासून झाले, दोन दिवस बरं वाटतं, पुन्हा तेच.

तिसरं, इंजिन एनचं आहे, पण त्याच्या शेजारी माणूस उभा केला तर ते आपल्या नॅरोगेजसारखं मुळीच दिसत नाही. एचओचं (एनहून मोठ्या मापाचं) सामान घ्यायला हवं होतं का?

३,७०० रुपयांत हे वाचू शकतं का, की विकून मोकळी होऊ?

प्रतिसाद १

भाऊ, कॅरम बोर्ड.

प्रतिसाद २

भाऊ नाही, ताई आहेत. वाचत जा जरा. आणि कॅरम बोर्डचं काय, ते नीट सांगा की.

प्रतिसाद ३ (पुणे)

ताई, विकू नका. आधी सँडपेपर खिडकीतून बाहेर फेका. त्याने रुळाच्या माथ्यावर बारीक ओरखडे पडतात, त्यात काजळी बसते आणि म्हणूनच दोन दिवसांनी पुन्हा तेच होतं. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुन्या बनियनची चिंधी पुरते.

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ऐकून तुम्हाला आनंद होईल. एन म्हणजे १:१६०, दोन रुळांमधलं अंतर ९ मिलिमीटर. ९ गुणिले १६० म्हणजे १४४० मिलिमीटर, अर्थात परदेशातलं स्टँडर्ड गेज. पण आपली नॅरोगेज ७६२ मिलिमीटरची. तिला एचओच्या प्रमाणाने, म्हणजे ८७ ने भागा: ८.७६. तुमचेच ९ मिलिमीटरचे रूळ! याला एचओई म्हणतात आणि युरोपात लोक हौसेने नेमकं हेच करतात. तेव्हा रूळ आणि इंजिनाची चाकं-मोटर तीच ठेवा, वरचं टोपण उतरवा आणि १:८७ ने पुठ्ठ्याचं नवं करा. साडेपाच फुटी माणूस १९ मिलिमीटरचा होतो. इंजिनाचं दार त्याला वाकून शिरावं लागणार नाही इतकं ठेवलं की डोळ्याला लगेच पटतं. खोकं रुळांबाहेर चांगलंच डोकावलं तरी घाबरू नका, नॅरोगेजची तीच तर ओळख.

उलट एचओचे १६.५ मिलिमीटरचे रूळ घेतले असते तर ते मेट्रो सोडून आपल्या कुठल्याच गाडीचे झाले नसते. आपलं ब्रॉडगेज १६७६, त्याला १९.३ मिलिमीटर लागतात.

पुठ्ठ्यासाठी जाड लग्नपत्रिका उत्तम. माझे चार डबे चार वेगवेगळ्या लग्नांचे आहेत. डबा हलका झाला की वळणावर उलटतो, म्हणून आत तळाशी रुपयाचं नाणं चिकटवा.

प्रतिसाद ४ (नागपूर, धंदा फर्निचरचा)

ताई, रूळ नाही फुगले. लाकूड आखडलं.

तुम्ही स्वतःच लिहून राहिल्या की कुबड फक्त टोकांच्या वळणांवर आहे. तिथे रूळ पाटाच्या रुंदीत धावतो. सरळ रूळ लांबीत आहेत, त्यांना काही झालं नाही. उन्हाने रूळ फुगला असता तर सहा फुटांचा सरळ रूळ आधी उचलला असता. धातू २० डिग्री तापला तरी अडीच फुटांत पाव मिलिमीटर वाढतो, लाकडापुढे ते काहीच नाही. भरीव लाकूड रेषांच्या दिशेने जवळजवळ हलत नाही, पण आडवं खूप हलतं. ऑगस्टमध्ये पाणी पिऊन बसलेली फळी आपल्या एप्रिलच्या कोरड्या हवेत आली की अडीच फुटांत चार-पाच मिलिमीटर सहज जातात. आमच्याकडे पावसाळ्यात रंधा मारून फिट केलेलं दार उन्हाळ्यात खडखड वाजते, तीच गोष्ट.

आता एक विचारतो. कूलर कुठे आहे?

धागाकर्ती

अगदी पाटासमोर. म्हणजे पाट कूलरसमोर. मागच्या आठवड्यात कुबड थोडं खाली बसलं तेव्हा वाटलं आपोआप सुधारतंय!

प्रतिसाद ४

सुधारत नाही, लाकूड पुन्हा फुगून राहिलं. दिवसा लू, रात्री खसची ओली हवा, रोजचा व्यायाम चालला आहे त्याचा. आधी पाट तिथून हलवा.

भरीव फळीच वापरायची असेल तर सुकली असताना, म्हणजे आत्ताच, सगळ्या बाजूंनी ऑइल पेंट मारा. खालून आणि कडांनासुद्धा. लोक फक्त वरून मारतात, मग पाट वाकतो. रंगाने पाणी थांबत नाही, पण आत-बाहेर जायला वेळ लागतो. त्यापेक्षा १२ मिलिमीटर प्लायवूडचा तुकडा बघा. त्यात एकेक थर आडवा-उभा चिकटवलेला असतो, एक दुसऱ्याला हलू देत नाही. पूर्ण शीट घेऊ नका, कोणत्याही फर्निचरवाल्याकडे कटिंगचे तुकडे पडलेले असतात. आणि हो, पलंगाच्या लाकडाला वाळवी आहे का तेही ठोकून पाहा.

प्रतिसाद १

तेच तर म्हणत होतो. कॅरम बोर्ड प्लायचा असतो, खेळायची जागा ७४ सेंटिमीटर चौरस. काटो या जपानी कंपनीने २८२ मिलिमीटर त्रिज्येचं वळण काढलंय, त्याचा पूर्ण गोल साधारण ६० सेंटिमीटरमध्ये बसतो. चारही बाजूंनी काठ, इंजिन खाली पडत नाही. खिशांमधून वायरी खाली. आमचं आठ वर्षं तसंच चालू आहे.

प्रतिसाद ५ (नाशिक)

कॅरमची कल्पना झकास आहे, पण माझं मत वेगळं. गोल फिरणारी गाडी पाचव्या मिनिटाला कंटाळा आणते. सातऱ्याचा फाटा आहे ना तुमचा? मग तिथे गाडी गोल कशाला फिरेल? ती येईल, रिकामे डबे ठेवेल, भरलेले उचलेल, जाईल. फ्रीलान्समध्ये नकाशा आपला असतो, पण लाइन का आहे आणि काय वाहते याचं उत्तर पक्कं लागतं. ते तुमच्याकडे आधीच आहे.

इंगलनुक शोधा. इंग्लंडच्या अॅलन राइट यांनी मांडलेलं शंटिंगचं, म्हणजे डबे मागे-पुढे करून लावण्याचं कोडं. सांधे फक्त दोन. तीन मार्गिका: एकीत पाच डबे मावतात, उरलेल्या दोनांत तीन-तीन. सांध्यांच्या अलीकडे एक आखूड तुकडा, त्यात इंजिन आणि तीन डबे. एकूण आठ डबे. आठ चिठ्ठ्यांमधून पाच उचलायच्या आणि ज्या क्रमाने निघाल्या त्याच क्रमाने पाच डब्यांची गाडी लावायची. आठांतून पाच क्रमाने निवडायचे म्हणजे ६,७२० प्रकार. आमच्या घरी यावर भांडणं झाली आहेत.

सहा सेंटिमीटरचा एक डबा धरला तर सगळं मिळून ९० सेंटिमीटर बाय २५ मध्ये बसतं. पुस्तकाची फळी! वळणच नाही, मग कुबडही नाही.

धागाकर्ती

हे वाचून दोन मिनिटं गप्प बसले. गाडी गोल फिरलीच पाहिजे असं मी का धरलं होतं कोण जाणे. लहानपणीच्या चावीच्या गाडीमुळे असेल. भाच्याला चिठ्ठ्यांचं सांगितलं, तो आत्ताच नियम बदलायला निघाला आहे.

पण इंगलनुकला दोन्ही सांधे धड लागतील. माझा एक मोडका, आणि दोघांवरही इंजिन अडतं.

प्रतिसाद ३

सांध्याच्या मधला तो व्ही आकाराचा तुकडा, फ्रॉग, तो धातूचा आहे की प्लास्टिकचा?

धागाकर्ती

धातूचा. मल्टिमीटर लावून पाहिला, कुठल्याच रुळाशी जोडलेला नाही.

प्रतिसाद ३

मग सोपं आहे. फ्रॉगमध्ये वीजच नाही. लांब इंजिन दुसऱ्या चाकांवर वीज घेत तो तुकडा पार करतं, तुमचं चिमुकलं नेमकं त्यावर उपाशी राहतं. बर्डीवर इलेक्ट्रॉनिक्सच्या कुठल्याही दुकानात तीन पायांचा स्लाइड स्विच मागा. पाटाखाली बसवा. मधल्या पायाची वायर फ्रॉगला, बाजूच्या दोन पायांच्या दोन रुळांना. स्विचच्या खटक्याला भोक पाडून त्यातून तार वर काढा आणि सांध्याच्या आडव्या पट्टीत अडकवा. स्विच सरकला की जीभ सरकते, टिकून राहते आणि फ्रॉगला योग्य बाजूची वीज मिळते. मोडका सांधाही त्यातच बरा होतो. वायरी उलट्या लागल्या तर शॉर्ट होईल, तेव्हा अदलाबदल करा.

शॉर्टवरून आठवलं. वीज कशावर देताय?

धागाकर्ती

जुन्या राउटरचा १२ व्होल्ट २ अँपिअरचा अॅडॉप्टर, पुढे मोटर स्पीड कंट्रोलर.

प्रतिसाद ३

छान. फक्त रुळाकडे जाणाऱ्या एका वायरीत मोटारसायकलच्या इंडिकेटरचा १२ व्होल्ट १० वॅटचा बल्ब मधे घाला. एरवी तो विझलेलाच असेल. शॉर्ट झाला की पेटेल आणि करंट एक अँपिअरच्या आत राहील. गिट्टी टाकायच्या आधी हे करा. फेविकॉल-पाण्यात भांड्याच्या लिक्विडचा एक थेंब टाकून गिट्टी एकदा चिकटवली की वायर शोधायला कोणी उकरत नाही.

धागाकर्ती (अकरा दिवसांनी)

ओळखीच्या सुताराकडून प्लायचा तुकडा मिळाला, ९५ बाय २८, चहाच्या बदल्यात. दोन्ही बाजूंनी रंगवला, कूलरपासून लांब कपाटावर ठेवला. प्रत्येक जोडात व्हिजिटिंग कार्ड जाईल एवढी फट सोडली. बल्ब लावला आणि मुद्दाम रुळांवर चमचा ठेवून पाहिला. पेटला! भाचा दिवसभर चमचा ठेवत बसला होता, शेवटी चमचा काढून घेतला.

खर्च आतापर्यंत ४१० रुपये. आठ डब्यांच्या चाकांना सगळ्यात जास्त लागतील, तेवढे राखून ठेवलेत. लग्नपत्रिकांना तोटा नाही.

एकच अडलंय. स्लाइड स्विचचा खटका सांध्याच्या जिभेपेक्षा जास्त सरकतो. जाड तार लावली तर जीभ रुळाला इतकी रेटते की पट्टी वाकते. पातळ तांब्याची लावली तर तीच वाकून बसते.

प्रतिसाद ४

तांबं नको, स्प्रिंगसारखी पोलादी पाहिजे. सायकलच्या ब्रेकची जुनी वायर सोला, आतला एक धागा काढा.

धागाकर्ती

खालीच सायकलवाला आहे. त्याच्याकडे तुटक्या ब्रेकवायरी खिळ्याला टांगलेल्या असतात. दुकान बंद व्हायच्या आत जाऊन येते.