सुवॉन: मुलीला पहिलीला कोरियन सरकारी शाळेत घालू का?

प्रश्न: सुवॉनची_आई

नमस्कार मंडळी. आम्ही सुवॉनला राहतो, नवऱ्याची कंपनी इथली, तो ई-७ म्हणजे नोकरीच्या व्हिसावर आणि मी, मुलगी आणि धाकटा असे तिघं एफ-३ म्हणजे कुटुंबाच्या व्हिसावर. मुलगी २०१९ ची आहे, म्हणजे मार्च २०२६ ला तिची पहिली. इथे जानेवारीत जन्मलेली काय अन् डिसेंबरमधली काय, एका सालातली सगळी पोरं एकाच वर्गात जातात. आतापर्यंत ओरिनीजिपला (पाळणाघरवजा बालवाडीला) जात होती, कोरियन फाडफाड बोलते, आमच्या दोघांपेक्षा कितीतरी छान.

आजूबाजूचे भारतीय म्हणतात इंटरनॅशनल स्कूल बघा, पण कंपनी फी देत नाही आणि वर्षाला दोन-तीन कोटी वॉन आम्ही कुठून आणणार. घरचे म्हणतात तू दोघांना घेऊन पुण्याला ये, तो राहील तिकडे. ते मला नकोय.

पण खरं सांगायचं तर प्रश्न फीचा नाहीच. गेल्या महिन्यात धाकट्याला ३९.५ ताप होता, नवरा शिफ्टला, मी दोघांना घेऊन सोग्वाला (लहान मुलांच्या दवाखान्यात) गेले. डॉक्टर भराभर बोलत होते, माझं पापागो (भाषांतराचं ॲप) मागे पडायला लागलं, तर त्यांनी माझ्याकडे बघणं सोडलं आणि मुलीशी बोलायला लागले. सहा वर्षांची पोर खुर्चीच्या कडेला उभी राहून मला सांगतेय, आई, घसा सुजलाय, पाच दिवसांचं औषध आहे, मध्येच थांबवायचं नाही म्हणतात. तिने एकही चूक केली नाही. घरी येताना लिफ्टमध्ये मला रडू आवरेना.

आणि तीच मुलगी ओरिनीजिपच्या गेटवर मी मराठीत हाक मारली की माझा हात ओढते, आई इथे हळू बोल. शाळेत गेल्यावर हे वाढेल का? ज्यांची मुलं कोरियन शाळेत आहेत त्यांनी प्लीज मनापासून सांगा.

उत्तर १: देजॉनकर

ताई, आमची मोठी चौथीत आहे, पहिलीपासून सरकारी शाळेतच. मी म्हणेन घाला. आधी कामाचं सांगते, बाकीचं नंतर.

कोरियन मुलांच्या घरी शाळेचं पत्र आपोआप येतं, आपल्या मुलांना येत नाही. वाट बघत बसू नका. आम्हाला हे कोणी सांगितलंच नव्हतं, जानेवारीत नवीन मुलांना शाळेत बोलावतात तो दिवस निघून गेला तेव्हा कळलं. डिसेंबरातच तुमच्या भागातल्या शाळेच्या ऑफिसात जाऊन सांगा, घराचा करार आणि मुलीच्या एलियन रजिस्ट्रेशनचा दाखला न्या. लसींचं पण बघतात, डीटीपीचा पाचवा, पोलिओचा चौथा, एमएमआरचा दुसरा आणि जपानी मेंदुज्वराची. भारतात घेतलेल्या लसी इथल्या सिस्टीममध्ये दिसत नाहीत, कार्ड घेऊन बोगॉन्सोला (सरकारी आरोग्य केंद्रात) जा आणि चढवून घ्या.

जेवण. आम्ही शाकाहारी, म्हणून मला सगळ्यात जास्त धास्ती गुपशिकची, म्हणजे शाळेतल्या जेवणाची होती. महिन्याचा मेनू येतो आणि प्रत्येक पदार्थापुढे कंसात आकडे असतात, ते ॲलर्जीचे. १ अंडं, १० डुकराचं, १५ चिकन, १६ बीफ. मी पहिले सहा महिने दर रविवारी हायलायटर घेऊन बसायचे. किमचीपुढे पण बऱ्याचदा ९ असतो, कारण त्यात खारवलेली कोळंबी पडते, हे मला आधी माहीतच नव्हतं. आणि आकडे सगळं सांगत नाहीत, सूपचं पाणी सुक्या मासळीचं असतं आणि त्या मासळीला यादीत आकडाच नाही. शेवटी टीचरना भेटून स्पष्ट सांगितलं. आता ती भात, भाजी, टोफू खाते आणि सूपच्या दिवशी घरून छोटा डबा नेते. आमच्या शाळेने चालवून घेतलं, तुमच्या शाळेत आधी विचारा.

आणखी एक. दिवाळीला मी टीचरसाठी चकली आणि बेसनाचे लाडू नेले होते. त्यांनी दोन्ही हातांनी डबा घेतला, वास घेतला, आणि दोन्ही हातांनी परत दिला. मला वाटलं माझं काहीतरी चुकलं. तर तसं नाही, २०१६ पासूनच्या कायद्यामुळे शिक्षकांना पालकांकडून कॉफीसुद्धा घेता येत नाही. तुम्ही मनाला लावून घेऊ नका म्हणून सांगतेय.

पहिलीची शाळा एक-दीडला सुटते. त्यानंतर नुलबोम असतं, म्हणजे शाळा सुटल्यावर शाळेतच मुलांना सांभाळतात, २०२४ पासून पहिलीच्या मुलांसाठी सुरू झालंय. नाहीतर तायक्वांदो. त्यांची पिवळी व्हॅन शाळेच्या दारात येते, पोरांना घेऊन जाते आणि घरी सोडते. आमच्या मुलीच्या मैत्रिणी वर्गात कमी, त्या व्हॅनमध्ये जास्त झाल्या.

उत्तर २: हान_नदीकाठी

ताई, मी जरा वेगळं बोलतो, राग मानू नका. शाळा उत्तम आहेत, त्यात वाद नाही. पण तुम्ही इथे किती वर्षं आहात ते आधी ठरवा. आमचा मुलगा तिसरीपर्यंत इथे शिकला आणि मग आम्हाला दोन वर्षं भारतात जावं लागलं, तिथे त्याला ना इंग्रजी धड येत होतं ना देवनागरी, वर्गात गप्प बसायचा. आता परत सोलला आलोय आणि तो खूश आहे, पण ती दोन वर्षं त्याने काढली, मी नाही.

दुसरं म्हणजे इथे जन्मलेल्या आपल्या मुलांनासुद्धा नागरिकत्व मिळत नाही. आमची धाकटी इथेच झाली, ९० दिवसांच्या आत तिचा व्हिसा करायचा होता आणि त्याआधी एम्बसीतून पासपोर्ट, बाळंतिणीला घेऊन किती धावपळ झाली विचारू नका. लहान कोरियन मुलांना महिन्याला निदान एक लाख वॉन भत्ता मिळतो, आपल्याला नाही. कर भरतो, विमा भरतो, तरी नाही. याचं मला वाईट वाटतं आणि ते मी लपवत नाही. या देशात २०२३ ला जन्मदर एका बाईमागे ०.७२ मुलांवर आला, बागेतले झोके रिकामे असतात, आणि जी पोरं झोक्यावर आहेत त्यांच्यातली काही मोजायचीच नाहीत असं कसं चालेल? धाकट्याला युचिवॉनला (बालवाडीत) घालताना मात्र तुमच्या शिक्षण कार्यालयात विचाराच, काही ठिकाणी परदेशी मुलांना फीची मदत आता देतात.

नावाचं आत्ताच ठरवा. पासपोर्टवर आडनाव, नाव, वडिलांचं नाव असं सगळं असतं आणि शाळा ते जसंच्या तसं हंगुलमध्ये (कोरियन लिपीत) उतरवते. आमच्या मुलाच्या नावात व आहे, हंगुलमध्ये व नाही, त्याचा ब झाला, आणि हजेरीला बाई एवढं लांब नाव वाचेपर्यंत अख्खा वर्ग वळून बघायचा. नंतर आम्ही तीन अक्षरांत लिहून दिलं.

उत्तर ३: गिम्हेची_सून

अगं, तुझी लिफ्टची गोष्ट वाचली आणि हातातलं काम ठेवलं. माझा नवरा कोरियन, मी एफ-६ म्हणजे लग्नाच्या व्हिसावर, गिम्हेला बारा वर्षं झाली. मुलगा सहावीत.

तुला एकच सांगते, तिला दुभाषी करू नकोस. मी केलं होतं. मला कोरियन येत नव्हतं त्या वर्षांत बँक, घरमालक, दवाखाना सगळीकडे त्याला पुढे करायचे, लोक कौतुक करायचे आणि मलाही अभिमान वाटायचा. मग एकदा माझी स्वतःची तपासणी होती, गाठ आहे का बघायचं होतं, आणि डॉक्टर काय म्हणाले ते त्याने मला अर्धंच सांगितलं. आठ वर्षांचा होता. मला वाईट वाटेल म्हणून उरलेलं त्याने पोटात ठेवलं. गाठ साधी निघाली, पण तो चार रात्री झोपला नव्हता हे मला नंतर कळलं. त्या दिवसापासून मी कोरियन शिकायला बसले.

१५७७-१३६६ हा नंबर फोनमध्ये टाकून ठेव, दानुरी या परदेशी कुटुंबांसाठीच्या हेल्पलाइनचा, रात्रंदिवस चालतो, इंग्रजी चालतं, तिघांचा कॉल लावून समोरच्याशी बोलून देतात. व्हिसाचं काही असलं तर १३४५. आणि तुमच्या भागातल्या फॅमिली सेंटरमध्ये कोरियनचे वर्ग असतात, काही योजना फक्त आमच्यासारख्या कोरियन नवरा असलेल्या बायकांसाठी असतात पण भाषेचे वर्ग बऱ्याच ठिकाणी सगळ्यांना खुले असतात. नवऱ्याला सांग आठवड्यातून दोन संध्याकाळी मुलं सांभाळायची. हे घरखर्चाइतकंच गरजेचं आहे.

गेटवरचं. ते होतं गं. दामुन्हा हा शब्द तुला शाळेत पावलोपावली ऐकू येईल, अर्थ बहुसांस्कृतिक, २००८ चा कायदा त्याच नावाचा, पण पोरं तो एकमेकांना चिकटवतात. माझ्या मुलाला दुसरीत कार्यक्रमासाठी इंडियाचे कपडे घालून ये म्हणाले होते, तो म्हणाला मी गिम्हेचा आहे. सासूबाईंना हे कळलं तेव्हा त्या त्याला हात धरून राणी हॉ ह्वांग-ओकच्या समाधीवर घेऊन गेल्या, आमच्या घरापासून जवळच आहे. इथली आख्यायिका आहे की इ.स. ४८ मध्ये ती अयुता देशातून बोटीने आली आणि राजा सुरोशी लग्न केलं, गिम्हेचे किम स्वतःला त्यांचे वंशज मानतात. सासूबाई म्हणाल्या, तुझ्या आईसारखीच ही पण लांबून आली, आणि आपण सगळे हिचेच. खरंखोटं मला माहीत नाही, पण त्याच्या तोंडावरचा भाव मी विसरणार नाही.

म्हणून हळू बोलू नकोस. गेटवर नेहमीच्याच आवाजात हाक मार. इथे सगळ्या बायकांना मुलांच्याच नावाने ओळखतात, अमक्याची ऑम्मा, आपल्याकडे चिनूची आई म्हणतात तसंच. दोन महिन्यांत त्या तुला ओळखायला लागतील, मग तिला लाज वाटायचं कारण उरणार नाही. झेब्रा क्रॉसिंगवर पिवळा झेंडा घेऊन उभं राहायची पालकांची पाळी असते, ती टाळू नकोस. भाषा लागत नाही, झेंडा आडवा धरायचा आणि पोरांना सोडायचं. माझ्या पहिल्या दोन मैत्रिणी मला तिथेच मिळाल्या.

सुवॉनची_आई

तुम्हा तिघांचं वाचून काल रात्री आम्ही दोघं खूप वेळ बोललो. दादा, राग कशाला येईल, तुमचं बरोबर आहे, आम्ही निदान पाच वर्षं इथेच राहायचं ठरवलंय, आणि रोज अर्धा तास देवनागरी मी घेणार. गिम्हेच्या ताई, तुमचं मी दोनदा वाचलं. मंगळवार आणि गुरुवारच्या वर्गाला नाव दिलंय.

आज शाळेच्या ऑफिसात जाऊन आले, मुलीला मुद्दाम नेलं नाही. कागदावर वाक्यं लिहून नेली होती. क्लार्कबाईंनी कागद बघितला आणि हळूहळू बोलायला लागल्या, सगळं झालं. त्यांनी यादी दिली त्यात शिल्लेह्वा लिहिलंय, ते वर्गात घालायचे पांढरे बूट ना? कुठे मिळतात?

देजॉनकर

हो तेच. दाइसोमध्ये बघा किंवा शाळेजवळच्या मुंगुजॉममध्ये (वह्या-पेनांच्या दुकानात), फेब्रुवारीत तिच्या मापाचे संपतात म्हणून आत्ताच घ्या आणि एक नंबर मोठे घ्या. टाचेवर मार्करने हंगुलमध्ये नाव लिहावं लागतं, नाहीतर सगळ्यांचे सारखेच दिसतात. आमची आतल्या बाजूला देवनागरीत पण लिहिते, तिने स्वतःच सुरू केलं.