मेळ्याची सूट आणि गाडीचं वेटिंग (सोसायटीच्या ग्रुपवरून, नावांऐवजी फ्लॅट नंबर)

बी-३०४: छोट्या पेट्रोल ऑटोमॅटिकला शोरूमवाले आठ-दहा आठवडे सांगताहेत. ग्वाल्हेरच्या व्यापार मेळ्याच्या सवलतीत बसेल का? लोन आत्ताच उचलू?

ए-१०२: वहिनी, आठ-दहा हा अंदाज धरा. कंपनी डीलरला गाड्या व्हेरियंट आणि रंग बघून पाठवते, त्यामुळे रांगही त्या व्हेरियंट-रंगापुरती असते. मागून आलेला पांढरी मॅन्युअल घेऊन तुमच्या आधी जाऊ शकतो, त्यात लबाडी नाही. दुसरा रंग चालत असेल तर आजच बुकिंगवर लिहून घ्या.

सी-४०१: आणि बुकिंग कंपनीच्या सिस्टीमला चढलंय ना? तिथला नंबर मागा. नुसती हातपावती असेल तर रांगेत नावच नाही.

ए-१०२: मेळ्याचं गणित वेगळं. रोड टॅक्समधली ५० टक्के सूट बुकिंगच्या तारखेवर मिळत नाही. विक्री मेळ्याच्या मुदतीत आणि पक्की नोंदणी ग्वाल्हेर आरटीओतच हवी. वर शासनाची अधिसूचना निघेपर्यंत लोक डिलिव्हरी अडवून बसतात, मग सगळ्यांना एकाच आठवड्यात गाडी हवी! यार्डात उभी असली तरी पीडीआय (डिलिव्हरीआधीची तपासणी), विमा, नोंदणी, नंबर प्लेट यात दिवस जातातच. शेवटच्या आठवड्याच्या भरवशावर राहू नका.

बी-३०४: जानेवारीत डिसेंबरची गाडी माथी मारली तर?

सी-४०१: घ्या, पण भाव पाडून. पुढे विकताना ती वर्षाने जुनीच धरतात. फॉर्म २१ वर (विक्रीचा दाखला) गाडी बनल्याचा महिना-वर्ष असतो, तो बिलाआधीच विचारून घ्या. टायरच्या बाजूला चार आकडे असतात: ४८२५ म्हणजे २०२५ चा ४८वा आठवडा. टायर गाडीहून थोडा जुना असणारच, पण पाचही टायरांचे आकडे फार वेगळे असले तर विचारा.

ए-१०२: लोन मंजूर करून ठेवा, उचलू नका. १७ अक्षरी चॅसिस नंबर हातात आल्यावरच बँकेला पैसे सोडायला सांगा, नाहीतर गाडीआधी हप्ता सुरू. विमाही तेव्हाच. भाव बिलाच्या दिवसाचा लागतो. २२ सप्टेंबर २०२५ ला छोट्या गाड्यांचा जीएसटी १८ टक्के झाला, तेव्हा आधी बुक करून नंतर बिल झालेल्यांनाही फायदा मिळाला. जानेवारीत कंपनीने भाव वाढवला तर तोही असाच तुमच्या माथी.

बी-३०४: बरं काका. चॅसिस नंबर मिळाला की इथे टाकते.

सी-४०१: ग्रुपवर नको, पर्सनलवर पाठवा.