बिग बेनवाला वकील : हौस की दादागिरी?

घड्याळवेडा : एडमंड बेकेट डेनिसन (१८१६–१९०५), लंडनचा बडा वकील. संसदेच्या समित्यांपुढे रेल्वेची विधेयकं लढवून बख्खळ कमावलं आणि घड्याळं, घंटा, चर्चची बांधकामं यांत जीव ओतला. बिग बेनचं घड्याळ त्याच्याच रचनेचं. मनोऱ्यावरच्या काट्यांना वारा रेटतो, बर्फ चिकटतं. तो ताण लंबकापर्यंत पोचला की वेळ चुकते. यानं तो पोचूच दिला नाही. चाक फक्त एक छोटी तरफ उचलतं आणि ती स्वतःच्या वजनानं खाली येताना लंबकाला दरवेळी तेवढाच धक्का देते. पेटंटसुद्धा घेतलं नाही पठ्ठ्यानं! असा एक हौशी दहा पदवीवाल्यांना भारी.

खडूस_काका : अर्धीच गोष्ट सांगितलीत. त्याच मनोऱ्यातल्या घंटेचं बोला की. ओतारी मेअर्सनं सांगितलं त्याच्या दुपटीहून जड हातोडा याच्या हट्टापायी बसवला. १८५९ च्या जुलैत घंटा वाजायला लागली, सप्टेंबरात तडकली. वर हाच बोंबलत सुटला की ओतकामच कच्चं! मेअर्सनं बदनामीचा दावा ठोकला, तोही वकिलावर. पुढे घंटा थोडी फिरवून हलका हातोडा लावला. तडा अजून आहे.

घड्याळवेडा : तडा घंटेला गेला काका, घड्याळाला नाही.

चुनागच्ची : मी जुन्या वाड्यांच्या दुरुस्तीचं काम करते, म्हणून माझा राग वेगळा. लंडनजवळच्या सेंट ऑल्बन्स गावातल्या मध्ययुगीन चर्चचा पश्चिम दर्शनी भाग यानं १८८० च्या दशकात स्वतःच्या मनानं नव्यानं बांधला. खर्च स्वतःचा, त्यामुळे अडवणार कोण? पुढे हा लॉर्ड ग्रिमथॉर्प झाला, आणि जुनी वास्तू पैसा ओतून बिघडवणं याला इंग्रजीत 'ग्रिमथॉर्प करणं' म्हणायला लागले. त्याच काळातले आपले काशिनाथ त्र्यंबक तेलंग बघा. मुंबई हायकोर्टातली वकिली सांभाळून गीतेचं इंग्रजी भाषांतर केलं, १८८२ साली छापून आलं. त्यात चूक निघाली तर पुढचा अभ्यासक दुरुस्त करेल. फोडलेला दगड कोण परत बसवणार?

मधलाच_कुणीतरी : ताई, चर्च मोडकळीला आलं होतं, पैशाला कुणी पुढे येईना. बिघडलेलं का होईना, उभं आहे ना?

चुनागच्ची : उभं आहे, मान्य. पण दारावरच्या संत मॅथ्यूच्या मूर्तीला पंख लावून स्वतःचा चेहरा द्यायचा, हे कुठल्या दुरुस्तीत बसतं?

घड्याळवेडा : आपल्याकडे नाही का देणगीदाराचं नाव देवळाच्या पायरीवर कोरत?

चुनागच्ची : पायरीवर. मूर्तीच्या तोंडावर नाही.